टिकीत चूक होत नाही म्हणे!

लाकूड कोरायला नव्याने लागलेल्या माणसाला अमेरिकेत एक सल्ला हमखास मिळतो: टिकीपासून सुरू कर. पक्षी नको, घोडा नको, माणसाचा चेहरा तर नकोच. का? तर टिकीत चूक होत नाही. एक डोळा वर गेला, एक खाली राहिला, चालतं. नाक तुटलं तर दात मोठे करायचे. तोंड वाकडं झालं तर उलट बरंच, जास्त भयानक दिसतं. सल्ला प्रेमाने दिलेला असतो. नवख्याचा हात मोकळा व्हावा, एवढाच हेतू असतो. आणि तरीही कोरकामाच्या जगात याच्याइतकं अपमानकारक वाक्य मी ऐकलेलं नाही.

टिकी म्हणजे आलू टिकी नव्हे, हे आधी सांगून टाकते. प्रशांत महासागरातल्या पॉलिनेशियन बेटांवर लाकडात, दगडात, हाडात कोरलेल्या मानवाकृतींना टिकी म्हणतात. त्या पूर्वजांच्या असतात, देवांच्या असतात. माओरी कथांमध्ये टिकी हा पहिला माणूस. मार्केसास बेटांवर तो माणसांना घडवणारा. हवाईच्या भाषेत मूळच्या 'ट'चा 'क' झाला आणि 'क'चा घशातला एक हिसका उरला, म्हणून तिथे हाच शब्द 'किइ' असा ऐकू येतो. एकच शब्द हजारो मैल समुद्र ओलांडत गेला आणि जाईल तिथे त्याचा चेहरा बदलला.

अमेरिकेत मात्र टिकी म्हणजे बार. 1930च्या दशकात अर्नेस्ट गँट नावाच्या माणसाने हॉलिवुडमध्ये बांबू, जाळी, रम आणि मंद दिवे यांचं दुकान थाटलं आणि पुढे स्वतःचं नावही बदलून डॉन बीच करून घेतलं. त्याच दशकात ओकलंडमध्ये व्हिक्टर बर्जरॉनने तसंच काहीसं सुरू केलं. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी बेटांच्या आठवणी आणल्या, 1959मध्ये हवाई अमेरिकेचं राज्य झालं, 1963मध्ये डिस्नेलँडमध्ये गाणाऱ्या यांत्रिक पोपटांची 'टिकी रूम' उघडली. मोटेल, बोलिंगचे अड्डे, घरामागचे पोहण्याचे तलाव, सगळीकडे दात विचकणारे लाकडी चेहरे उभे राहिले. मग ते मग झाले, बाटलीची बुचं झाली, मशाली झाल्या. 2017मध्ये शार्लट्सव्हिलला गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी मोर्चा काढला तेव्हा त्यांच्या हातात ह्याच टिकी मशाली होत्या. बागेत डास हाकलायला विकतात त्या.

ज्या वर्षांत अमेरिकी माणूस संध्याकाळी छोट्या छत्रीचं कॉकटेल पीत 'स्वर्गा'त बसला होता, त्याच वर्षांत त्याचं सरकार बिकिनी बेटावर अणुबॉम्ब फोडत होतं. 1946 ते 1958. बिकिनी पॉलिनेशियात नाही, पण बारमधल्या नकाशावर ते सगळं एकच होतं. पुढे फ्रान्सने 1966 ते 1996 या काळात मोरुरोआ आणि फांगाटाउफा या पॉलिनेशियन प्रवाळबेटांवर 193 चाचण्या केल्या. यातलं काहीही मगवर छापत नाहीत.

पण माझं भांडण बारशी नाही. बार हा धंदा आहे, त्याच्याकडून मी फार अपेक्षा ठेवत नाही. माझं भांडण त्या प्रामाणिक, कष्टाळू, घाम गाळणाऱ्या नवख्याला दिल्या जाणाऱ्या सल्ल्याशी आहे. कारण हा नवखा मी जवळून पाहिला आहे.

मी राहते त्या दक्षिण कॅलिफोर्नियातल्या गावात पंख्यासारख्या पानांचे उंच पाम रस्तोरस्ती आहेत. झाड पाडणारे लोक ओंडके फुकट देतात, कारण कचराडेपोत टाकायलाच पैसे पडतात. मागच्या वर्षी माझ्या शेजाऱ्याने, निवृत्त इलेक्ट्रिशियन आहे तो, सहा फुटी ओंडका आणवला. आयुष्यात त्याने लाकडावर पटाशी धरलेली नव्हती. उतरवायला पाच जण लागलो. ताजं पामचं खोड म्हणजे भिजलेला स्पंज, निम्मं वजन पाण्याचंच वाटावं. त्या उन्हाळ्यातले बरेचसे शनिवार मी त्याच्या परसात ओंडका फिरवायला, ढलपे झाडायला आणि बिनमागितले शेरे मारायला हजर होते.

माड किंवा पोफळ तोडताना ज्याने पाहिली असेल त्याला हे खोड कसं असतं ते लगेच कळेल. सागासारखी वर्षावर्षाची वलयं यात नसतात. नुसते उभे तंतू, बाहेरच्या बाजूला दाट आणि कडक, आत गाभ्याकडे विरळ आणि भुसभुशीत. त्यामुळे नवख्याला पहिली दोन इंचं दगडासारखी लागतात आणि तो जोर वाढवतो, मग अचानक पटाशी लोण्यात शिरल्यासारखी आत जाते. आडवा घाव घातला तर तंतू कापले जात नाहीत, ओढले जातात; सुंभ उसवल्यासारखी कडा फाटते. म्हणून आधी चेनसॉने आडव्या खाचा पाडून घ्यायच्या, भुवईखाली एक, नाकाखाली एक, हनुवटीखाली एक, आणि मग वरून खाली त्या खाचेपर्यंतच लाकूड काढायचं, म्हणजे चीर खाचेपाशी थांबते. मधोमध उभी रेघ मारून ठेवायची आणि ती पुसली गेली की परत मारायची. रेघ गेली की चेहरा गेला.

नवख्याची मोठी अडचण म्हणजे खोलीची भीती. शेजाऱ्याने पहिले तीन शनिवार डोळे कोरले आणि ते डोळे म्हणजे खोडावर काढलेलं चित्र होतं. अर्धा इंच खोल. नाक पुढे यायला हवं असेल तर नाक पुढे येत नसतं, बाकी सगळं मागे जावं लागतं. हे कळायला त्याला महिना लागला. कळलं तेव्हा मात्र तो वेड्यासारखा कोरत सुटला आणि एका दुपारी डाव्या नाकपुडीचा मोठा तुकडा तंतूंसकट निघून हातात आला.

तो तिथेच बसला. साठी उलटलेला माणूस, हातात नाकाचा तुकडा, चेहरा असा की मला पुढे होऊन काही बोलवेना. त्या क्षणी तो खरा शिकत होता. लाकूड त्याला स्पष्ट सांगत होतं: चुकलं. जोर चुकला, दिशा चुकली, घाई चुकली. संध्याकाळी त्याने फोटो टाकला आणि तासाभरात ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांचं एकमुखी उत्तर आलं. काही बिघडलं नाही. युद्धातली जखम म्हण. टिकीच आहे!

तो हसला, त्याला बरं वाटलं, आणि त्याचं शिकणं तिथे संपलं. पुढच्या शनिवारी त्याने नाक सपाट केलं आणि दात वाढवले. लाकूड 'चुकलं' म्हणत होतं, माणसं 'चूक नसतेच' म्हणत होती, आणि तो माणसांचं ऐकत गेला.

आता ज्यांचा हा चेहरा आहे त्यांच्याकडे पाहा. मार्केसासच्या टिकीत डोकं शरीराच्या मानाने प्रचंड असतं. तो बेढबपणा नाही, माणसातली शक्ती डोक्यात वसते म्हणून तसं. डोळे मोठे, गोल, कडा उठावदार. हात पोटावर. गुडघे किंचित वाकलेले. हिवा ओआ बेटावर पुआमाऊच्या खोऱ्यात टाकाइई नावाचा दगडी टिकी उभा आहे, अडीच मीटरच्या आसपास उंच, आणि तो असाच आहे. हवाईच्या देवळातल्या कू या देवाच्या मूर्तीचं तोंड आडव्या आठच्या आकड्यासारखं ताणलेलं असतं. माओरी आकृतींची बाहेर काढलेली जीभ, तिरकी मान, पावा शिंपल्याचे डोळे, अंगभर फिरणारी वळणं, यातलं प्रत्येक टोळीगणिक वेगळं. जाणकार खांब पाहून प्रदेश सांगतात. परसातला टिकी काय करतो? माओरी जीभ घेतो, हवाईचं तोंड घेतो, रापा नुईच्या मोआईचं नाक घेतो (तो तर दगडी पूर्वज, वेगळीच परंपरा), पापुआ न्यू गिनीच्या मुखवट्याचे रंग घेतो, आणि खाली लिहितो: टिकी स्टाइल.

विठोबाचे कमरेवरचे हात, गणपतीची सोंड आणि मारुतीची शेपटी एकत्र करून कुणी बिअरचा ग्लास बनवला आणि वर सांगितलं की यात चूक होऊच शकत नाही, तर? श्रद्धा दुखावल्याचा प्रश्न बाजूला ठेवा, तो आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त विचारला जातो. साधी गोष्ट बघा. विटेवरच्या मूर्तीचे हात कमरेवरून काढून जोडले, तर आळंदीच्या वाटेवरची कुठलीही आजी म्हणेल, हा माझा विठ्ठल नव्हे. तिला शिल्पशास्त्र येत नाही. पण 'हे चुकलं' म्हणता येतं. ती जिवंत आहे, तिचं देऊळ उभं आहे आणि आपण तिचं ऐकतो, म्हणून येतं.

पॉलिनेशियात ही आजीच नाहीशी केली गेली. हवाईत 1819मध्ये कामेहामेहा राजा वारला, त्याच्या वारसाने जुने निर्बंध मोडले आणि देवळं उद्ध्वस्त झाली, लाकडी मूर्ती जाळल्या गेल्या. मिशनरी पोचले 1820मध्ये, म्हणजे मूर्ती पडल्यावर. सगळंच गोऱ्यांनी केलं असं म्हणून चालत नाही. पण परत उभं राहू न देण्याचं काम पुढच्यांनी केलं. कूच्या थोरल्या देऊळमूर्तींपैकी तीनच उरल्या: एक लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये, एक अमेरिकेत सेलमच्या संग्रहालयात, एक होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये. 2010मध्ये त्या तिघी होनोलुलूला एका छताखाली आणल्या गेल्या, आणि मग दोघी परत गेल्या. त्या नीरफणसाच्या लाकडाच्या आहेत. हो, आपल्या कोकणात ज्याच्या कापा तळतात तोच.

मार्केसासची गोष्ट याहून वाईट. 1842मध्ये फ्रान्सने बेटं ताब्यात घेतली. गोंदण, नाच, जुने विधी यांवर बंदी आली. बाहेरून आलेल्या रोगांनी माणसं मेली ती इतकी की हजारोंची वस्ती 1920च्या दशकात जेमतेम दोन हजारांच्या आसपास उरली. आणि जवळपास तेव्हाच, दहाएक वर्षांच्या अंतराने, हॉलिवुडमध्ये पहिला टिकी बार उघडतो. म्हणजे 'हे चुकलं' म्हणू शकणारी माणसं एकीकडे संपत आली होती, आणि दुसरीकडे शोध लागत होता की यात चूक होतच नाही. टिकीत चूक होत नाही हा लाकडाचा गुण नाही. चूक दाखवणाऱ्यांच्या थडग्यांवर उभं असलेलं ते वाक्य आहे.

आणि ते खोटंही आहे, कारण माणसं पूर्ण संपली नाहीत. मार्केसासमध्ये 1980च्या दशकापासून भाषेचं, नाचाचं, गोंदणाचं, कोरकामाचं पुनरुज्जीवन चालू आहे. 2024च्या जुलैत युनेस्कोने ही बेटं जागतिक वारसा यादीत घेतली. ती बैठक दिल्लीला, भारत मंडपममध्ये झाली होती. न्यूझीलंडमध्ये आपिराना ङाता या माओरी पुढाऱ्याने 1920च्या दशकातच रोटोरुआला कोरकामाची शाळा काढली, कारण जाणकार हातावर मोजण्याइतके उरले होते. तिथल्या पिने ताइआपा या तरुणाला पटाशी येत होती, वाकस येत नव्हता. आपल्या सुतारांकडे पूर्वी असायचा तोच आडव्या पात्याचा वाकस. माओरी कोरकामाचा सगळा जुना ठसका वाकसाच्या घावांत होता आणि नेमकी तीच विद्या हरवत चालली होती. ताइआपाने एरामिहा कापुआ या वृद्ध कोरणाऱ्याला गाठलं आणि त्याच्यापाशी वाकस शिकला. पुढे ताइआपाच्या हाताखाली न्यूझीलंडभर कोरीव सभागृहं उभी राहिली. एका म्हाताऱ्याने एका तरुणाला 'असं नाही, असं' म्हटलं, एवढ्या बारीक धाग्यावर ते सगळं लटकलं होतं.

माओरींची राटाची गोष्टही इथे आठवते. राटाला होडी हवी असते. तो रानात जातो, सुंदर झाड बघतो, कुणाला न विचारता पाडतो. दुसऱ्या दिवशी येऊन पाहतो तर झाड जागच्या जागी उभं. परत पाडतो, परत उभं. मग लपून बसतो, तेव्हा दिसतं की रानातले पक्षी आणि किडे एकेक ढलपी उचलून जागेवर बसवताहेत. ते त्याला खडसावतात: ताने देवाला विचारलंस का? राटा खजील होतो आणि मग तेच रान त्याला होडी करून देतं. या गोष्टीत राटाला हाकलून दिलेलं नाही, हे लक्षात घ्या. त्याला आधी चूक सांगितली, मग मदत केली.

माओरी कोरकामाचे नियम कडक होते. निघालेल्या ढलप्यांवर अन्न शिजवायचं नाही, भुसा तोंडाने फुंकायचा नाही. बायकांनी कोरायचं नाही, जवळही फिरकायचं नाही, हाही नियम होता. त्या हिशेबाने मी शेजाऱ्याच्या परसातसुद्धा बसायला नको होतं, आणि हा नियम मला मुळीच मान्य नाही. आज माओरी बायका कोरतात आणि त्यावर त्यांच्यात वादही होतात. पण वाद घालायला समोर कुणीतरी आहे, एक नियम आहे, तो मोडला तर काय मोडलं हे दोन्ही बाजूंना ठाऊक आहे. 'काहीही चालतं'शी वाद कसा घालणार?

यावर ठरलेली उत्तरं येतात. पहिलं असं की अमेरिकी टिकी ही आता स्वतंत्र लोककला आहे, नव्वदएक वर्षं जुनी, तिचा बेटांशी संबंध काय. मला हे अर्धं पटतं. जुन्या टिकी बारमधली काही कामं खरोखर देखणी आहेत. पण मग तिला कलेसारखं वागवा ना. चांगला टिकी, वाईट टिकी, फसलेला टिकी असं बोला. जे खरे टिकी कोरणारे आहेत ते बोलतातही, भलतंच परखड बोलतात. नवख्याला मात्र सूट दिली जाते. आणि परंपरा तुमचीच असेल तर नाव, चेहरा, जीभ, तोंड दुसऱ्यांचं कशाला लागतं?

दुसरं उत्तर: बेटांवरचे लोक स्वतःच पर्यटकांना टिकी विकतात. विकतात, आणि का विकू नयेत? मार्केसासचा कोरणारा बोटीतून उतरलेल्या पाहुण्याला टिकी विकतो तेव्हा कोणता तुकडा मन लावून केला आणि कोणता बाजारासाठी उरकला, हे त्याला माहीत असतं. तो फरक त्याच्या हातात आहे. आपल्याला तो दिसतही नाही.

आणि तिसरे माझ्याच बाजूचे, जे मला सगळ्यात जास्त वैताग देतात. कुणी टिकीचा फोटो टाकला रे टाकला की 'संस्कृतीचोरी' म्हणून तुटून पडणारे. त्यांना विचारा की यातलं कुठलं तोंड हवाईचं, कुठले डोळे मार्केसासचे. गप्प. त्यांचंही म्हणणं शेवटी तेच आहे: सगळे टिकी सारखेच. एक म्हणतो काहीही कर, दुसरा म्हणतो काहीच करू नकोस, आणि दोघांनाही कूचा चेहरा एकदा नीट बघायची गरज वाटत नाही.

आपण फार लांबून बोलतोय असं वाटत असेल तर शाळेतला चित्रकलेचा तास आठवा. 'आज वारली काढू या, सोपी असते. दोन त्रिकोण, वर गोल, काड्यांचे हातपाय.' महाराष्ट्रात शिकलेल्या आपल्यापैकी किती जणांनी हे ऐकलं नाही? वारल्यांच्या लग्नघरात भिंतीवर जो चौक लिहिला जातो, त्यात पालघट देवी असते आणि तो सवाशिणींनीच लिहायचा असतो. तो नसेल तर लग्न लागत नाही. जिव्या सोमा मशे यांच्या चित्रातलं मासेमारीचं जाळं बघा. त्या हजारो बारीक रेघांपैकी एकही 'सोपी' नाही. पण पुण्यातल्या कॅफेच्या भिंतीवर, कुर्तीवर, लग्नपत्रिकेवर तारपा वाजवणारा काडीमाणूस कुणीही काढतो, आणि तो चुकला असं त्याला कुणी सांगत नाही. डहाणू-तलासरीतली एखादी म्हातारी सांगू शकेल. तिला कॅफेत कोण बोलावणार?

म्हणून नवख्याने मोठा ओंडका घेऊच नये का? जरूर घ्यावा. 'आधी लहान चमचा कोर' म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. सहा फुटी लाकूड माणसाला जे शिकवतं ते चमचा शिकवत नाही. माझं म्हणणं एवढंच की त्याला नापास होता येईल असं काहीतरी समोर ठेवा. एक बेट, एक काळ, एक आकृती निवडा. संग्रहालयांनी फोटो खुले ठेवले आहेत, ते महिनाभर बघा. आज कोरणाऱ्या माओरी, मार्केसन, हवाई कलाकारांचं काम विकत घ्या, त्यांच्या कार्यशाळांना पैसे भरून जा. देवळातली मूर्ती कोरायची हिंमत होत नसेल, तर ती न होणं हेही शिकणंच आहे. मग आपल्या आजोबांचा चेहरा कोरा, तो चुकला की आई सांगेल.

शेजाऱ्याचा टिकी तलावाकाठी उभा आहे. पाम आतून कुजतो, तसा तो कुजायला लागलाय. पावसाळ्यानंतर कानामागून अळंबी निघाली. दरम्यान त्याने दुसरा ओंडका आणलाय. तो अजून झाकून ठेवलेला आहे, टोकांना मेण लावून. मार्केसासच्या डोळ्याची कड त्याला वर्तमानपत्रावर काढायची आहे, आणि दर शनिवारी तो मला कागद दाखवून विचारतो की आता जमली का. मला काय कळतंय! मी त्याला टाकाइईचा फोटो मोठा करून दाखवते, तो बघतो, आणि कागद चुरगळून टाकतो.